हवालदाराचा पट्टा

सगुणाबाई भित्री बाई होती, हे मखमलाबादच्या मळ्यांमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पाल चुकचुकली की तिच्या पोटात गोळा यायचा. आभाळ गडगडलं की ती पितळी भांडी उलटी घालून ठेवायची, का ते तिलाही सांगता यायचं नाही. विहिरीवरच्या मोटरचं बटण ती काठीने दाबायची. लोक हसायचे. हसणाऱ्यांच्या बापाचं काय जातं म्हणा.

आणि अशा बाईच्या नशिबी झेंडूची शेती आली. नाशकाचा फुलबाजार उजाडताच भरतो, म्हणजे फुलं त्याच्या आधी तोडायची. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही अशा वेळी रानात जायचं आणि कमरेत वाकायचं. शेजारी पुंजारामचा ऊस. उसात बिबट्या राहतो, आणि उभ्या माणसाच्या वाटेला तो सहसा जात नाही, पण वाकलेलं माणूस त्याला जनावर वाटतं, मग तो मागून येऊन मान धरतो, असं सगळे म्हणायचे. खरं किती, खोटं किती, देव जाणे. सगुणाबाईला मात्र झेंडू तोडताना जन्मभर मानेवर गार वारा लागायचा.

तिच्या नवऱ्याला, वाल्मीकला, हे कळत होतं. तो देवळाली कॅम्पच्या बाजारात भाजी द्यायला जायचा. एक्याण्णव साली तिथल्या एका फौजीच्या घरून त्याने टोपलीत घालून एक पिल्लू आणलं. अंग चहाच्या रंगाचं, छाती पांढरी, एका कानाचा शेंडा मोडलेला. "हा आपला हवालदार," वाल्मीक म्हणाला. "आता तू भ्यायचं काम नाय."

बिबट्या कुत्र्यालाही मानेलाच धरतो. म्हणून वाल्मीकने घोटीच्या लोहाराकडून खिळ्यांचा पट्टा करून आणला. जाड कातडी पट्टी, आणि बाहेर टोकं काढलेले बोटभर खिळे. दिवेलागणीला पट्टा हवालदाराच्या गळ्यात चढायचा आणि ऊन वर आलं की उतरून दाराजवळच्या खुंटीला जायचा.

हवालदार मोठा झाला आणि त्याने स्वतःच एक रीत पाडली. पहाटे रानात आलं की सगुणाबाई बांधावरच्या शेवग्याखाली उभी राहायची. हवालदार एकटा पुढे जायचा. उसाच्या कडेकडेने, नाक खाली घालून, सगळ्या झेंडूला फेरी मारायचा, आणि परत येऊन तिच्या गुडघ्याला नाकाने ढोसायचा. ओलं, गार नाक. की झालं. सगुणाबाई पदर खोचायची आणि वाफ्यात उतरायची. एकदा फेरी मारून तो परत आला, पण ढोसेना, ताठ उभा राहून गुरगुरत राहिला. ती तशीच घरी परतली. सासूने चार शब्द सुनावले. दुपारी पुंजारामला चिखलात बिबट्याचे ठसे दिसले. त्या दिवसापासून सगुणाबाईने त्या नाकावर देवापेक्षा जास्त भरवसा ठेवला.

नव्व्याण्णव साली वाल्मीक चालता बोलता गेला. जायच्या आदल्याच संध्याकाळी त्याने तिला सांगितलं होतं, "पट्ट्याबिगर त्याला अंधार दाखवू नको." बोलायचं म्हणून बोललेला माणूस. पण शेवटचं बोलणं ठरलं ते, आणि सगुणाबाईने ते नवसासारखं पाळलं. एक संध्याकाळ चुकली नाही.

कुत्रं म्हातारं होतं ते मात्र माणसाच्या डोळ्यांदेखत, आणि तरी माणसाला दिसत नाही. आधी हवालदाराचे मागचे पाय आखडले. मग डोळ्यांवर दुधाची साय आल्यासारखं झालं. मग एक दिवस कुंदनने, सगुणाबाईच्या मुलाने, त्याच्या मागे पत्र्याचा डबा आपटला तर कानही हलला नाही. "आई, याला ऐकू येत नाय," कुंदन म्हणाला. सगुणाबाईच्या मनात आलं, म्हणजे इतके दिवस पहाटे उसात काही खसपसलं असतं तर? ती कुंदनवरच चिडली, म्हणाली, "त्याचं नाक शाबूत हाय," आणि त्याच्यासाठी भाकरी कुस्करायला आत गेली. भ्यायली की ती चिडायची.

दोन हजार चारच्या दसऱ्यानंतर त्याच्या अंगाला वास येऊ लागला. तिने आंघोळ घातली, वास जाईना. तो खाईना. सून भाग्यश्रीने मानेखालचे केस बाजूला केले आणि तोंडाला पदर लावला. पट्ट्याखाली बाटलीच्या टोपणाएवढी जखम होती, आणि जखमेत आळ्या वळवळत होत्या.

कुंदनने त्याला टेम्पोत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. सगुणाबाई मागे पोत्यावर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली, आणि वाटभर तिचे ओठ हलत होते. डॉक्टरांनी टर्पेंटाईनचा बोळा घालून आळ्या काढल्या, जखम धुतली, सुई दिली. मग पट्टा हातात घेऊन उलटा केला.

"बाई, कुत्रं वाळलंय. पट्टा सैल झालाय. रोज रात्री घासतोय तो."

"त्याला वाचवायलाच घालते ना मी," सगुणाबाई म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. पाच वर्षं नवऱ्याचा शब्द पाळला, तोच हवालदाराच्या मानेत रुतला होता. कुणाला बोल लावायचा?

डॉक्टर चांगला माणूस होता. रागावला नाही. पट्टा अजिबात नको, जखम भरली तरी नको, म्हणाला. उबदार जागी झोपवा, खाली मऊ द्या. नखं वाढू देऊ नका, पाय घसरतात. भाकरी भिजवून द्या. पाण्याचं भांडं, खाट, काही हलवू नका, त्याला दिसत नाही, तो आठवणीवर चालतो. तुमच्या गुडघेदुखीच्या गोळ्या त्याला चुकूनही देऊ नका. रोज थोडं चालवा, नाहीतर पाय बसतील. "आणि दिवसरात्रीचा घोळ घालेल तो. आपल्या म्हाताऱ्यांचं होतं ना, तसंच."

सगुणाबाईने सगळं केलं. पडवीत भाताचा पेंढा पसरून वर गोधडी घातली. थंडीत वीट गरम करून फडक्यात गुंडाळून त्याच्या कमरेला लावायची. सकाळचं ऊन जसं सरकेल तसं त्याचं पोतं सरकवायची आणि मोडक्या कानामागे खाजवत बसायची. त्याचा मागचा पाय हवेत हलायचा, म्हणजे साहेब खूश. पडवीला जाळीचं दार होतं, ते दिवे लागायच्या आत बंद. पट्टा खुंटीला. खुंटीकडे पाहिलं की ती जाळीची कडी पुन्हा चाचपायची. उघड्या मानेचं कुत्रं आणि मध्ये एक जाळी, एवढंच.

पहाटे आता कुंदन बॅटरी घेऊन तिच्याबरोबर यायचा. तरी तिचे पाय शेवग्याखाली आपोआप थांबायचे, आणि गुडघा वाट बघायचा.

दिवाळीच्या तोंडावर पुंजारामचं वासरू गेलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या कुसाबाईचा कुत्रा, तरणाताठा, अंगणातून गेला. ओरडायलाही फुरसत मिळाली नाही त्याला. सगुणाबाईचं जेवण सुटलं. आणि नेमका त्याच दिवसांत हवालदार संध्याकाळी उठून जाळीच्या दारापाशी उभा राहू लागला. आभाळ तांबूस झालं की शेपूट हलवायचा. दार उघड, म्हणायचा. ती त्याला ओढून गोधडीवर आणायची.

दिवाळीच्या दिवसांत बाजार संध्याकाळीही भरायचा. त्या संध्याकाळी कुंदन फुलांचे क्रेट टेम्पोत भरून नाशकाला गेला. क्रेट नेता आणता जाळीची कडी लावायची राहिली. सगुणाबाई वीट गरम करून पडवीत आली तर गोधडी रिकामी.

वीट हातातून पडली. तिने आधी खाली पाहिलं, रक्त आहे का. नव्हतं. अंगणात नव्हता, गोठ्यामागे नव्हता. हाक मारून उपयोग नाही, बहिरा. अंधार उतरत होता. भाग्यश्री लेकराला कडेवर घेऊन दारात आली.

"आत्याबाई, यांना येऊ द्या. एकट्या जाऊ नका."

"तोवर त्याचं काय उरंल?" सगुणाबाई म्हणाली. "तू दार लावून घे."

तिने बॅटरी घेतली, आणि पाच वर्षांच्या सवयीने खुंटीवरचा पट्टा घेतला. वाटेत तिच्या लक्षात आलं, हा त्याच्या गळ्यात घालायचाच नाही, मग आणला कशाला? पण हातातून सोडवेना. बॅटरीचे सेल उतरलेले, उजेड पिवळा, पायापुरता. तिचे दात वाजत होते. तिने तोंडात पदर कोंबला, कारण स्वतःच्या दातांचाही तिला धाक वाटत होता.

रानात आली आणि पाय शेवग्याखाली थांबले. समोर झेंडू, पलीकडे काळा ऊस. आणि उसाच्या कडेला काहीतरी पांढरं हललं. हवालदाराची छाती.

तो फेरी मारत होता. नाक खाली, मागचा एक पाय ओढत, प्रत्येक वाफ्याच्या तोंडाशी थांबत. त्याच्या लेखी पहाट झाली होती. आणि पहाट झाली म्हणजे सगुणाबाई शेवग्याखाली उभी असणार, आणि ती भित्री आहे.

ये, ये रे, ती मनात म्हणत राहिली. अर्धी फेरी झाली, आणि तो थांबला. मानेपासून शेपटीपर्यंतचे केस उभे राहिले. त्याने उसाकडे तोंड केलं. मग त्याचे मागचे पाय मुडपले आणि तो बसला. उठायला गेला, पुन्हा बसला.

एक टिटवी ओरडत उठली. ऊस हलला. वारा नव्हता.

गुडघ्याला नाक लागल्याशिवाय सगुणाबाई या रानात कधी उतरली नव्हती. ती उतरली. कशी उतरली ते तिला पुढेही सांगता आलं नाही. झेंडू तुडवत ती त्याच्यापाशी पोहोचली आणि तिथे खिळली, कारण आता वाकायचं होतं. कुत्र्याला उचलायचं तर वाकावंच लागतं. उसातून कुबट, उग्र वास येत होता, आणि आत कुणीतरी लाकडावर करवत ओढावी तसा आवाज एकदा आला आणि थांबला. तिची मान उघडी होती. तिला तेवढंच सुचलं. तिने पदर बाजूला केला, पट्टा स्वतःच्या गळ्याला लावला आणि बक्कल अडकवलं.

मग ती वाकली.

जन्मात आलेली सगळी भीती त्या एका वाकण्यात होती. तिने एक हात त्याच्या छातीखाली घातला, एक मांड्यांखाली, आणि उठली. हवालदार पूर्वी दोन माणसांना आवरायचा नाही. आता तो कपड्यांच्या बोचक्याएवढा भरला. तिने उसाकडे पाठ केली नाही. मागे मागे सरत, टाचेने सरी चाचपत ती निघाली. ऊस तिच्याबरोबर हलत होता. तो शेवग्यापर्यंत हलला आणि मग थांबला.

शेवग्याखाली तिच्या हातांतलं बळ संपलं. तिने त्याला खाली ठेवलं. हवालदार डगमगत उभा राहिला, तिच्या पायांचा वास घेतला, आणि तिच्या गुडघ्याला नाकाने ढोसलं. ओलं, गार नाक. फेरी झाली, रान मोकळं आहे, उतर.

रान मोकळं नव्हतं. हवालदार पहिल्यांदा चुकला होता. सगुणाबाईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "हो रे बाबा, केली तू राखण," ती म्हणाली, आणि त्याला पुन्हा उचलून, मागे पाहत पाहत घरी आली. सकाळी पुंजारामने ठसे पाहिले. हवालदार बसला होता तिथून हातभर अंतरावर होते.

दोन दिवस तिला ताप होता. तिसऱ्या दिवशी तिने भाग्यश्रीला आपली मान दाखवली. एवढ्याशा वाटेत पट्ट्याने तिचंही कातडं सोललं होतं. भाग्यश्रीने आधी हवालदाराला मलम लावलं, मग त्याच डबीतलं सासूला. सगुणाबाईने जुन्या लुगड्याचा मऊ काठ काढला आणि पट्ट्याला आतून दुहेरी शिवला.

पुढच्या पहाटे ती तो पट्टा स्वतःच्या गळ्यात घालून रानात निघाली, हातात थाळी आणि पळी. कुंदन म्हणाला, "आई, लोक हसतील." "हसू दे, त्यांची मान उघडी हाय," ती म्हणाली. हवालदाराला कुंदनने उचलून आणलं आणि शेवग्याखाली पोत्यावर बसवलं, कारण रानात न नेलं तर तो भाकरीला तोंड लावत नव्हता.

तिची भीती गेली असं कुणी समजू नये. गोळा पोटात तसाच होता, पाय तसेच कापत होते. ती थाळी वाजवत उसाच्या कडेकडेने निघाली. वाफ्या वाफ्याला थांबली. फेरी पुरी करून शेवग्याखाली आली, आणि हाताची पालथी बाजू हवालदाराच्या नाकाला टेकवली.

त्याने हुंगलं. बराच वेळ हुंगलं. मग लांब श्वास सोडून त्याने मान पोत्यावर टाकली आणि डोळे मिटले. तेरा वर्षांत तो रानात झोपलेला तिने कधी पाहिला नव्हता. सगुणाबाईने पदर खोचला, वाकली आणि पहिलं फूल तोडलं.