‘फाइल साहेबांकडे आहे’ आणि आमचे रंगारी सर

सुरेंद्र रंगारी सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी डोळे पुसत होते आणि सर चहात बुडालेलं बिस्कीट चमच्याने वर काढत होते. भंडाऱ्यातल्या आमच्या शिक्षण संस्थेच्या मध्यवर्ती कार्यालयात संगणक विभागाचे प्रमुख म्हणून ते त्याच सकाळी रुजू झाले होते. त्याआधी ते तुमसरच्या शाळेत विज्ञान शिकवत. स्वतःची ओळख करून देणं वगैरे काही नाही. बिस्किटाची आशा सोडून त्यांनी मला विचारलं, की तुम्हाला माणसाने रडवलं की मशीनने. मी म्हटलं, दोघांनी मिळून. त्यावर ते म्हणाले, मग आधी मशीनकडे जाऊ, ती लवकर कबूल करते.

सरांच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मोठमोठ्या मंडळींचे लेख आहेत. सरांची विद्वत्ता, त्यांचं सामाजिक काम यांबद्दल ती मंडळी लिहितीलच. मी मात्र त्या सकाळबद्दल लिहिणार आहे, कारण त्या सकाळी माझी नोकरी जवळजवळ गेलेली होती.

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हा आमच्या संस्थेचीही वाटणी झाली. तिकडच्या शाळा तिकडे गेल्या, इकडच्या इकडे राहिल्या, आणि भंडाऱ्याला नवं कार्यालय थाटलं गेलं. आमचे सचिव निमजे साहेब म्हणजे धडाडीचा माणूस. घरी हातमाग, विणकराचं काटेकोरपण अंगात, आणि आवाज असा की फोन न उचलताही पलीकडे ऐकू जावा. त्यांनी खटपट करून कार्यालयात संगणक आणले, वीज गेली तरी काम अडू नये म्हणून भला मोठा इन्व्हर्टर बसवला, आणि कोपऱ्यात एक सर्व्हर ठेवला. सर्व्हर म्हणजे सगळ्यांच्या फाइली ठेवायचं एकच सामायिक कपाट. आपापल्या टेबलावरून कुणीही फाइल उघडावी, काम करावं, बंद करावी.

संगणक बसवायला आलेल्या माणसाने प्रत्येक मशीनपाशी विचारलं, वापरणाऱ्याचं नाव काय टाकू. आता आपल्याकडे भांडं कुणी दिलं तर त्यावर देणाऱ्याचं नाव कोरतात. त्याच न्यायाने सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं, साहेबांचं टाका, त्यांनीच आणले ना. साहेबांनाही ते बरं वाटलं. अशा रीतीने कार्यालयातल्या झाडून सगळ्या मशीन निमजे साहेबांच्या नावाने नोंदल्या गेल्या.

याचा परिणाम काय होणार हे त्या वेळी कुणाच्या डोक्यातही आलं नाही. सामायिक फाइल एकाने उघडली असेल आणि दुसरा उघडायला गेला, तर पडद्यावर सूचना येते की ही फाइल अमक्याने उघडून ठेवली आहे, तुम्हाला फक्त वाचता येईल. आमच्याकडे ती सूचना नेहमी एकच असे: फाइल निमजे साहेबांकडे आहे. साहेबांकडे फाइल असल्यावर साहेबांना जाऊन कोण विचारणार? आम्ही हात जोडून बाजूला होत असू आणि चहा मागवत असू. कार्यालयात चहा फार होतो, अशी साहेबांची तक्रार होती. तिचं मूळ त्यांच्याच नावात होतं हे त्यांना माहीत नव्हतं.

मी तेव्हा कंत्राटी लिपिक होते. आमचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. पुनर्वसनाच्या नव्या गावात बाबा सकाळी उठून कुठल्या शेतात जावं या विचारात अंगणातच बसून राहत. घरात महिन्याच्या महिन्याला येणारा पगार तेवढा माझाच. कंत्राट महिनाअखेर संपत होतं आणि ते वाढवायचं की नाही हे साहेब ठरवणार होते. त्याआधी सगळ्या शाळांमधल्या शिक्षकांची सेवाविषयक माहिती एका फाइलमध्ये भरून देण्याचं काम माझ्यावर होतं. मी रोज फाइल उघडायची, रोज तीच सूचना यायची. बदल जतन होईना म्हणून मी माझ्या मशीनवर वेगळ्या प्रती करून त्यांत माहिती भरली. तिकडे साहेब रोज आपल्या खोलीत मूळ फाइल उघडून पाहत. ती अर्थातच कोरी असे. आदल्या संध्याकाळी त्यांनी मला बोलावून सांगितलं, की तुमच्याने हे काम होत नाही, महिनाअखेर तुम्ही मोकळ्या. मी कसंबसं म्हटलं, की फाइल उघडत नाही. ते म्हणाले, माझ्याकडे तर झटक्यात उघडते. पुढे बोलायची माझी छाती झाली नाही. फाइल तुमच्याचकडे आहे, हे साहेबांना तोंडावर सांगायचं कसं?

आता सर कसे काम करतात ते सांगते, कारण त्या दिवशी मी ते पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी माझ्या हातातला माउस घेतला नाही. खुर्ची ओढून शेजारी बसले आणि म्हणाले, तुम्ही करा, मी पाहतो. मी फाइल उघडली, सूचना आली. त्यांनी ती मला मोठ्याने वाचायला लावली. मग दुसरी एखादी फाइल उघडून पाहा म्हणाले. ती उघडली, जतनही झाली. म्हणजे तार शाबूत, सर्व्हर शाबूत, परवानगीही आहे. मग शेजारच्या टेबलावरून माझी फाइल उघडून पाहिली. तिथेही तीच सूचना. दोष तुमच्या मशीनचा नाही आणि तुमचाही नाही, असं ते म्हणाले तेव्हा मला पुन्हा रडू आलं. त्यांनी मला उरलेली बिस्किटं देऊ केली.

मग ते सर्व्हरपाशी गेले. कोणती फाइल कुणी उघडली आहे हे तिथे दिसतं. माणसाचं नाव सगळीकडे निमजे साहेबच होतं, पण मशीनचा क्रमांक वेगवेगळा होता. तो क्रमांक धरून सर थेट कुंदाताईंच्या टेबलाशी पोहोचले. कुंदाताई आमच्या ज्येष्ठ लिपिक. भाचीच्या लग्नासाठी रजेवर गेलेल्या. जाताना त्यांनी पडदा बंद केला होता आणि स्वतः शिवलेलं, वेलबुट्टीचं कापडी कव्हर संगणकावर नीट घातलं होतं. पडदा बंद म्हणजे संगणक बंद, अशी आमची सगळ्यांचीच समजूत होती. सरांनी कव्हर उचललं. खालचा डबा घुरघुरत होता. पडदा चालू केला तर माझी फाइल उघडीच. वीज मधूनमधून जात होती, पण साहेबांच्या इन्व्हर्टरने त्या मशीनला झोपूच दिलं नव्हतं.

सरांनी तिथेच फाइल बंद केली असती तर काम भागलं असतं. मी तेच म्हणत होते. पण मग नोकरीचं काय, असं त्यांनी विचारलं. ते स्वतः त्या दिवशी नवे. त्यांचं कायम होणंही साहेबांच्याच सहीवर होतं. तरीही ते मला घेऊन साहेबांच्या खोलीत गेले आणि आधी साहेबांना फाइल उघडायला सांगितली. सूचना आली. साहेबांनी सवयीने ती बाजूला सारली. ही काय होती, असं सरांनी विचारलं, तर साहेब म्हणाले, माझं नाव येते, मशीन आपली होय ना. रोजच येते.

इतके दिवस साहेबांना वाटत होतं की मशीन त्यांना मान देते आहे.

सरांनी शांतपणे सगळं सांगितलं. कुंदाताईंचं नाव घेतलं नाही, एक मशीन चुकून चालू राहिली एवढंच म्हणाले. कोण होय तो, असं साहेबांनी दरडावून विचारलं. सर म्हणाले, “साहेब, मशीनच्या हिशेबाने तर तुम्हीच होय. सगळ्याच मशीनवर तुमचंच नाव आहे. या मॅडमचं काम पुरं आहे, पण तुमच्या नावासमोर त्यांचं चाललं नाही.”

मला वाटलं, आता आम्ही दोघंही गेलो. साहेब माझ्याकडे वळले.

“मंग तुम्ही मले विचारलं काहून नाही, बाई?”

“साहेब, फाइल तुमच्याजवळ आहे म्हटल्यावर तुमाले कोण विचारन जी?”

साहेबांनी फाइल पुन्हा उघडून ती सूचना या वेळी शेवटपर्यंत वाचली. मग एकदम हसायला लागले. मीच मले अडवून राहिलो होतो, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. दुपारपर्यंत माझ्या प्रतींमधली माहिती मूळ फाइलमध्ये गेली, संध्याकाळी कंत्राट वाढवल्याचा कागद माझ्या हातात पडला. बाबांना मी सगळं सांगितलं. त्यांना सर्व्हर काही कळला नाही, पण सरांना आपल्याकडचा चिन्नोर तांदूळ नेऊन दे, हे मात्र त्यांनी लगेच सांगितलं.

कुंदाताई रजेवरून परतल्या तेव्हा त्यांना कुणीतरी हे कळवलं होतं, आणि त्या घाबरून कोमेजल्या होत्या. सर त्यांच्या टेबलाशी गेले. “ताई, कव्हर लय साजरं शिवलं तुम्ही,” ते म्हणाले. “फक्त मशीन झोपल्याबिगर तिच्यावर पांघरूण टाकत नका जाऊ.” कुंदाताईंनी त्यानंतर सर्व्हरसाठीही एक कव्हर शिवलं. सर्व्हरला हवा लागते, तो झाकता येत नाही, हे सांगायला सरांना जिवावर आलं. शेवटी ते कव्हर त्यांनी घरच्या मिक्सरला घातलं.

त्या आठवड्यात सरांनी प्रत्येक मशीनवर ज्याचं त्याचं नाव टाकलं. साहेबांच्या पडद्यावर ‘फाइल निर्मला यांच्याकडे आहे’ ही माझ्या नावाची सूचना पहिल्यांदा दिसली तेव्हा साहेब दारात येऊन ओरडले, की बाई, फाइल सोडा, मले पायजे. माझी छाती उगाच दोन बोटं फुगली. ज्याचं काम त्याचं नाव, आणि जेवढं काम तेवढीच परवानगी, हे सरांचं सूत्र. ते त्यांनी कुणासाठीही सैल केलं नाही. साहेबांनी एकदा सगळे फोल्डर खुले करून मागितले, तेव्हा सरांनी वाचण्याची मुभा दिली, खोडण्याची दिली नाही. साहेब काही दिवस सरांशी मोजकंच बोलले. पुढे एकदा त्यांचा माउस निसटून परीक्षा विभागाचा अख्खा फोल्डर हलवला जाणार होता, तो जागचा हलला नाही. त्या दिवशी साहेबांनी स्वतः सरांसाठी चहा सांगितला आणि कारण कुणालाही सांगितलं नाही.

सर देव नाहीत, हेही लिहून ठेवते. दुसऱ्याच्या डब्यात पहिला घास त्यांचा असतो. शहापूरच्या शाळेतून फाइल उघडत नाही असा फोन आला की ते गाडी काढून निघतात. तिकडे झाडूने निघालेली तार पाच मिनिटांत जोडतात आणि मग गप्पांत अर्धा दिवस घालवतात. इकडे आम्ही खोळंबलेले असतो. ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘एकदम अंतिम’ अशा नावांच्या फाइली दिसल्या की मात्र त्यांचा पारा चढतो. पण माणूस अडलेला दिसला की त्यांचा राग कुठे जातो कोण जाणे. मी कायम होताना, बाबांच्या आजारपणात, माझ्या मुलीच्या प्रवेशाच्या वेळी ते न बोलावता आले. त्यांचे उपकार मी मानते, आणि हे त्यांना आवडणार नाही हे ठाऊक असूनही इथे छापते.

निवृत्तीनंतरही संस्थेने त्यांना काही काळ थांबवून घेतलं होतं. गेल्या महिन्यात त्यांनी विभागाचा भार माझ्याकडे दिला. सगळं समजावून झाल्यावर म्हणाले, आता माझं नाव काढा. मी म्हटलं, राहू द्या ना सर, तुमचं कोण काढन? ते म्हणाले, “माझं काम संपलं, मंग माझी परवानगी कायले पायजे?” माझं बोट बटणावर तसंच थांबलं. ते शेजारी बसून होते, त्यांनी तेव्हाही माउस घेतला नाही. शेवटी मी दाबलं. मग सर दुसऱ्या टेबलावर गेले, आपल्या नावाने फोल्डर उघडायचा प्रयत्न केला, तो उघडला नाही, आणि समाधानाने मान हलवून ते डबा कुणाचा आहे ते पाहायला गेले.

सर, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, गुडघे साथ देवोत, जिभेची चव अशीच राहो. कार्यालयात येत जा. आमच्या सर्व्हरवरची एकही फाइल तुम्हाला उघडता येणार नाही, ते मी डोळ्यांत तेल घालून पाहीन. डबा मात्र तुमच्यासमोर उघडाच ठेवीन.