कामाला असलेला मुलगा

या महिन्यात देशात रोजगार वाढला की घटला, हे टीव्हीवर सांगतात तेव्हा मी आवाज मोठा करतो. त्या आकड्यात माझे पाय आहेत. टॅब घेऊन घरोघर फिरायचं, मागच्या आठवड्यात कोणी काय काम केलं ते विचारायचं, आणि पुढच्या महिन्यात त्याच घरी जाऊन तेच विचारायचं, ही माझी नोकरी. कंत्राटी आहे. राहायला जळगावला, आणि गावं मिळाली धुळे जिल्ह्यातली. का, ते विचारू नका, मीही विचारलं नाही.

शिंदखेड्याच्या पुढच्या एका गावात कापूसवाल्या आबांचं घर माझ्या वाट्याला आलं होतं. तिथं पहिल्यांदा गेलो आणि मुलगा काय करतो म्हणून विचारलं. आबा ताडकन म्हणाले, "कंपनीमा शे. कायम."

तेवढ्यात मुलगा पाठीवर फवारणीचा पंप घेऊन दारात उभा. तिशीचा, अंगाला औषधाचा वास.

"सुट्टीवर येल शे," आबा म्हणाले. मी लिहिलं, नोकरी, नियमित पगार. आपल्याला काय!

शेजारच्या घरातला मुलगाही कंपनीत. त्याच्या पलीकडचाही. गल्ली संपेपर्यंत माझ्या टॅबमध्ये इतक्या नोकऱ्या जमल्या, की तेवढ्या अख्ख्या धुळ्याच्या एमआयडीसीत असतील की नाही, शंकाच आहे. परत आबांच्या ओट्यावर येऊन बसलो, तर चहा झाला, शेव झाली, आणि आत आबांच्या बायकोने, अक्कांनी, चुलीवर खापर चढवलं. मांडे! अहो, सर्वेक्षणवाल्याला आमच्याकडे कोणी पाणी विचारलं तरी तो घरी फोन करून सांगतो. इथं माझ्यासाठी पुरण शिजत होतं. आणि मीही गाढव, जेवायला बसलो.

दुसरा मांडा वाढता वाढता अक्कांनी हळूच विचारलं, "पोरगीना फोटो लयना का, भाऊ?"

मग उलगडा झाला. भडगावकडचं एक स्थळ आबांच्या मुलासाठी चालून आलं होतं. बऱ्याच वर्षांत आलेलं पहिलंच. आमच्याकडे मुलीचे मामा आधी न सांगता मुलाच्या गावी येऊन जातात. घरी नंतर, आधी चहाची टपरी, पिठाची गिरणी, शेजारपाजार. मुलगा काय करतो, पगार किती, घरात माणसं किती. म्हणजे नेमके माझेच प्रश्न. कोणीही मुलाचं विचारलं की कंपनीत म्हणायचं, असं आबांनी अख्ख्या गल्लीला पढवून ठेवलं होतं आणि मामांच्या आधी मी टपकलो, म्हणून मीच मामा ठरलो होतो.

माझं डोकं फिरलं. मांड्यांचं पाप झालं ते वेगळंच, पण एवढी सगळी घरं पुन्हा भरायची! तिथून उठलो तो थेट पारावर जाऊन उभा राहिलो आणि ओरडलो, "मी सरकारी माणूस आहे! मला भाची नाही! सरकारला खरं कळलं तरच कामं निघतील. यापुढं कोणीही चौकशीला आला तर खरं तेच सांगत जा!"

मग सगळी घरं पुन्हा केली. आबांचा मुलगा बी.एस्सी. झालेला, नोकरी नाही, रोज पहाटेपासून घरच्याच शेतात. मी ते भरलं, तर टॅबने त्याला रोजगार असलेल्यांतच धरला. घरच्या शेतात बिनपगारी राबणाराही आमच्या नियमात कामाला असतो. मी हे आबांना सांगितलं. "मंग आम्ही खोटं कसाले बोलनूत?" आबा म्हणाले.

पुढच्या महिन्यात गेलो. आधी टपरीवर थांबलो, तर टपरीवाला खुशीत होता.

"तुमना मांगून आखो एक चौकशीले उना व्हता," तो म्हणाला. "तुम्ही सांगेल तसंच खरं सांगं. म्हनं, आबाना पोर्‍या घरच शे, नोकरी नही, लिखी ल्या. पन त्यानी काहीच लिखं नही."

त्या माणसाने म्हणे चहाचे पैसे दिले आणि आबांच्या घराकडे न वळता तो भडगावची वाट धरून निघून गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. हात मी दाखवला, अवलक्षण दुसऱ्याच्या कपाळी गेलं. मला इतकं वाईट वाटलं, की ते घर वगळून पुढं जावंसं वाटलं. पण वगळता येत नाही.

आबा ओट्यावर नव्हते. अक्कांनी पाणी ठेवलं आणि आत गेल्या. मुलगा शेतातून आला, पंप खाली ठेवून समोर बसला. मागच्या आठवड्यात काम केलं का? केलं. पगार? नाही. मी खाली मान घालून बोटं चालवत होतो.

"साहेब, तुमच्या त्या यंत्रात मी कामाला आहे ना?" त्याने शुद्ध मराठीत विचारलं. कॉलेजात बोलत असेल तशी.

"आहेस."

"मग ते भडगावच्या लोकांना दाखवता येईल का?"

नियमातलं आहे ते बोललो. "नाही रे भाऊ. ही माहिती गुप्त असते. आम्ही कोणालाच सांगत नाही."

त्याने मान हलवली. रागावला असता तर बरं झालं असतं.

"दाखवू नका," तो म्हणाला. "पण मागच्या वेळी ओरडलात ना, तसंच पारावर उभं राहून एकदा ओरडा, की मी कामाला शे."