डावं पान, उजवं पान

छापखान्याच्या वरच्या मजल्यावर एक लांबट खोली आहे. मधोमध एक मोठं कपाट, आणि कपाटाला दोन्हीकडून उघडणारा एक खण. कपाटाच्या अलीकडे धाकटी बसते, पलीकडे थोरली. दोघी सख्ख्या बहिणी. एक छप्पन्न वर्षांची, एक साठीची. गेल्या अकरा वर्षांत एकमेकींशी एक शब्दही बोललेल्या नाहीत. या खोलीतून आजवर बावीस पुस्तकं बाहेर पडली. सगळी लहान मुलांसाठी, सगळी येशूच्या शिकवणीची, आणि सगळ्यांचं सांगणं एकच: दुसऱ्याशी प्रेमानं वागावं.

पुस्तकांची रीत ठरलेली. डाव्या पानावर मूल चुकीचं वागतं. ढकलतं, हिसकावतं, थापा मारतं. उजव्या पानावर तेच मूल, त्याच जागी, शहाण्यासारखं वागतं. डावी पानं धाकटी काढते, उजवी थोरली. डावं पान आधी तयार होतं आणि खणातून पलीकडे जातं. थोरली त्यावर पातळ कागद ठेवून चेहरा उतरवून घेते, कारण दोन्हीकडे मूल एकच दिसायला हवं. शेवटी एक सुटं पान असतं, प्रार्थनेचं. भांडलेली मुलं तिथे शेजारी शेजारी गुडघे टेकतात. ते पान दोघी आळीपाळीनं काढतात.

ही वाटणी कुणी बसून केली नव्हती. धाकटी बाविसाव्या वर्षी कामाला लागली, तेव्हा थोरली आधीच गुणी मुलं काढत होती. "उरली ती द्वाड," धाकटी सांगते. "घरीही तसंच होतं." तिचा हात त्यात बसला. हट्टाला पेटलेल्या पोराचा ओठ किती पुढे येतो, दुसऱ्याला कोपर नेमकं कुठे लागतं, हे तिला पाठ आहे. संडे स्कूलची मुलं पुस्तक उघडलं की आधी तिचीच पानं बघतात. त्या पानांनी मुलं बिघडतात, असं थोरलीचं म्हणणं. ते ती मास्तरांकरवी कळवते. मास्तर खाली मजकूर जुळवतात. निरोप्याचं काम त्यांच्या गळ्यात कधी पडलं, ते त्यांनाही आठवत नाही.

भांडण आईच्या आजारपणातलं. सकाळची पाळी धाकटीची होती: अंग पुसणं, चादर बदलणं, वेणी घालणं. संध्याकाळची थोरलीची, आणि चर्चच्या मंडळीतल्या बायका भेटायला यायच्या त्या संध्याकाळीच. "धाकटीला ब्रश सोडवत नाही हो," असं थोरलीनं त्यांना सांगून ठेवलं. आईच्या दफनाला एक बाई धाकटीला म्हणाली, "आज तरी सवड झाली." त्या दिवसापासून धाकटीच्या तोंडी 'ताई'ची 'पलीकडची' झाली.

तेविसावं पुस्तक झोपाळ्याचं होतं. बागेत झोपाळा एकच. एक मुलगी तो सोडत नाही, दुसरी रडते. उजव्या पानावर पहिली उतरते आणि दुसरीला बसवून झोका देते. धाकटीनं झोपाळा अडवून बसलेल्या मुलीला थोरलीचा चेहरा दिला. हनुवटीवरची खळी, किंचित चढलेली डावी भुवई, आणि गालांवर 'मी काय केलं?' असा साळसूदपणा. पान खणात सरकवून ती वाट बघत बसली.

रागाच्या भरात ती स्वतःच्याच धंद्याची रीत विसरली होती. डाव्या पानावरचा चेहरा उजव्या पानावर जाणारच.

चार दिवसांनी खण वाजला. उजव्या पानावर तीच खळी, तीच भुवई, आणि चेहऱ्यावर साक्षात माया. डावीकडे रडणाऱ्या मुलीचा चेहरा धाकटीनं ओंजळीत झाकला होता. थोरलीनं ते हात बाजूला केले होते. खाली नाक बसकं निघालं, पुढचे दोन दात मोठे, आणि उपकारानं भारावलेलं हसू. हुबेहूब धाकटी.

"तीन हजार घरांत ही मला झोका देणार!" धाकटी मास्तरांवर कडाडली. "आणि मी दात काढून हसणार! तिला सांगा, चेहरा बदल."

मास्तर कपाटाला वळसा घालून गेले आणि आले. "त्या म्हणतात, सुरुवात तुम्ही केलीत, आधी तुम्ही बदला."

"आणि म्हणावं, दात मी जरा लहानच काढलेत," कपाटापलीकडून आवाज आला. बोलणं अर्थातच मास्तरांशी होतं.

पुस्तकांचा कारभार बघणारे चर्चचे पाळक वर आले. दोन्ही पानं बघून त्यांना कोण कोण आहे ते विचारावं लागलं नाही. "दयेच्या पुस्तकात सूड?" ते म्हणाले. "चेहरे बदला." दोघींनी नकार दिला. मग ते कपाटाच्या टोकाशी, दोघींना ऐकू जाईल असे उभे राहिले. "प्रार्थनेच्या पानावर या दोघींची दिलजमाई दिसू दे. मग चेहरे राहू देतो, मंडळीला निदान समेटाची साक्ष तरी मिळेल. गुरुवारपर्यंत नाही दिसली, तर पुढची चित्रं बाहेरचा माणूस काढेल. डावीही आणि उजवीही."

या वेळी त्या पानाची पाळी धाकटीची होती. चौतीस वर्षं तिनं दुसरं काहीही केलेलं नाही, आणि दुसरीकडे तिला कुणी ठेवूनही घेणार नाही. तिच्या तोंडाची ख्याती दूरवर आहे. पहिल्या कच्च्या चित्रात थोरलीचा हात धाकटीच्या खांद्यावर आला. तो मानगुटीवर आल्यासारखा दिसत होता. दुसऱ्यात दोघी हसल्या, आणि ते चित्र तिनं स्वतःच फाडलं.

गुरुवारी तिनं पान दिलं. दोन्ही मुली पाठमोऱ्या, गुडघे टेकलेल्या, पाठीवर एकेक वेणी. मध्ये वीतभर अंतर. समोर रिकामा झोपाळा.

"चेहरे कुठे आहेत?" पाळकांनी विचारलं.

"प्रार्थनेत तोंड देवाकडे असतं, तुमच्याकडे नाही."

"मी दिलजमाई म्हटलं होतं."

"एकीशेजारी एक बसल्यात. एवढंसुद्धा आम्हाला अकरा वर्षांत जमलेलं नाही."

पाळक पान घेऊन खाली गेले. पान छपाईला लागलं.

छापलेली प्रत आली त्या दिवशी मास्तर पलीकडून वळसा घालून आले. "त्या म्हणतात, माझी वेणी इतकी बारीक कधीच नव्हती."

"ती आईची आहे," धाकटी म्हणाली. "शेवटी एवढीच उरली होती. रोज सकाळी मी घालायचे. संध्याकाळी बघायला मिळाली असेलच तिला."

मास्तर निरोप घेऊन गेले.

टेबलावर चोविसाव्या पुस्तकाचा मजकूर येऊन पडला होता. विषय: खोटं बोलू नये. धाकटीनं पेन्सिलीला टोक काढलं, डाव्या पानाचा कागद पुढ्यात ओढला आणि आधी हनुवटी काढली, खळीसकट.