उसना दिलेला डावखुरा

तो गेम नवऱ्याने स्वतःसाठी आणला होता. फुटबॉल क्लबचा मॅनेजर व्हायचं, खेळाडू घ्यायचे, टीम निवडायची, सरावाचं वेळापत्रक लावायचं आणि मॅच सुरू झाली की हाताची घडी घालून बघत बसायचं. मैदानावरचे खेळाडू म्हणजे नुसते रंगीत ठिपके. एवढ्यासाठी माणसं दुकानात जाऊन सीडी आणतात याचं मला नवल वाटलं होतं. दुसऱ्याच वीकएंडला क्लबने त्याला कामावरून काढून टाकलं आणि तो पुन्हा आपल्या गवताकडे वळला. पामर्स्टन नॉर्थ नावाच्या परदेशातल्या शहरात, एका संशोधन संस्थेत तो गवताचा अभ्यास करायचा. पुण्याहून इतक्या लांब जाऊन गवत, असं माझी आई फोनवर म्हणायची. ते गायी खातात आणि गायींवर हा देश चालतो, हे तिला समजावून सांगायचा मला कंटाळा यायचा.

मी मुलांची डॉक्टर. पुण्यात बरीच वर्षं काम करून आले होते. इथली परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाले, पण नुसतं पास होऊन भागत नव्हतं. कुठल्यातरी हॉस्पिटलने वर्षभर देखरेखीखाली कामावर घ्यायला हवं, तेव्हा पक्कं रजिस्ट्रेशन. परीक्षेचा निकाल काही वर्षंच धरतात, तोवर कुणी घेतलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा पहिल्यापासून करायची ताकद माझ्यात उरलेली नाही, हे मला स्वच्छ माहीत होतं. म्हणजे फोन आला तर मी डॉक्टर, नाही आला तर नाही. इतकं सरळ होतं ते.

सकाळी नवरा सायकलवरून गेला की मी खिडक्या पुसायचे. तिथला हिवाळा जून ते ऑगस्ट, तेव्हा काचांना आतून पाणी सुटायचं. मग कपडे दोरीवर घालायचे. तिथला वारा असा, की चिमट्यांसकट कपडे शेजारणीच्या आवारात जायचे. ते गोळा करून आणायचे. त्यानंतर काही नाही. वाईट वाटायला हवं होतं, म्हणजे इतरांना तरी तशी अपेक्षा होती. मीही वाट बघत होते. पण वाईट वाटत नव्हतं, बरंही वाटत नव्हतं. चहा प्यायले की तो गरम आहे एवढं कळायचं. अशाच एका सकाळी मी कॉम्प्युटर सुरू केला आणि नवऱ्याने टाकून दिलेला तो गेम उघडला.

फुटबॉलबद्दल मला एवढंच ठाऊक होतं, की हात लावायचा नाही. मी इंग्लंडमधला एक तळाचा क्लब घेतला, कारण तिथे माझ्याकडून कुणी काही अपेक्षा करणार नव्हतं. मोठ्या खेळाडूंची पानं उघडलीही नाहीत. सोळा-सतरा वर्षांची पोरं मात्र मला कळत होती, किंवा कळतात असं वाटत होतं. प्रत्येकाच्या नावापुढे आकडे असायचे. पासिंग, वेग, दम, एकाग्रता, सगळं वीसपैकी. वीसपैकी मार्क म्हटल्यावर मराठी मध्यमवर्गीय बाईला आणखी काय लागतं? जिथून मिळतील तिथून मी होतकरू पोरं गोळा केली.

आणि त्यांना खेळू दिलं नाही.

हे मला अगदी सरळ वाटलं होतं. आधी अभ्यास, मग मॅच. पासिंग पंधरावर गेल्याशिवाय मैदानावर पाय ठेवायचा नाही. सरावाचं वेळापत्रक जितकं कडक करता येईल तितकं केलं. बारावीच्या वर्षी मला गणपती बघायलासुद्धा कुणी घराबाहेर सोडलं नव्हतं, आणि त्याचा मला फायदाच झाला होता. मॅचला मी तिशी उलटलेल्या, गुडघे कामातून गेलेल्या बुवांना पाठवायचे. ते हरून यायचे. हरले तर हरले. आत पोरं तयार होतायत ना, मग झालं.

एका संध्याकाळी नवरा मागे उभा राहून बघत होता. म्हणाला, "हा क्लब आहे का क्लास?"

"पाया पक्का नको का?"

"पाया झाला असेल तर एखादी खोली बांध आता."

मी त्याला कांदा चिरायला पाठवलं.

त्या पोरांमध्ये एक डावखुरा होता. म्हणजे डाव्या पायाचा. मैदानाच्या डाव्या कडेने पळणारा, सोळा वर्षांचा, आमच्या क्लबच्या मानाने फारच वरचा. पहिल्या हंगामात त्याचे आकडे भराभर चढले. मग थांबले. मी सराव वाढवला. तरी थांबलेले. मग एकेक आकडा खाली यायला लागला आणि प्रशिक्षकांचा निरोप आला, की हा नाराज आहे, त्याला खेळायचंय. मला त्याचा राग आला. खेळायचंय म्हणे. आधी अकराचे पंधरा कर, मग बोल.

त्याला मागणी यायची. आणखी खालच्या एका क्लबला तो उसना हवा होता. वाटीभर साखर द्यावी तसा खेळाडू एका हंगामापुरता दुसऱ्याला द्यायचा, तो तिथे खेळतो आणि मग परत येतो. मी दर वेळी नाही म्हणायचे. तिथलं मैदान कसलं, प्रशिक्षक कोण, पाय मोडून आला तर? शिवाय आपल्या क्लबपेक्षाही खालच्या ठिकाणी जाऊन हा शिकणार काय? शेजारणीने दिलेले फिजोआ, म्हणजे पेरूसारखी हिरवी फळं, नवरा चमच्याने कोरून खात होता. तो म्हणाला, "पाठव की. खेळल्याशिवाय कसं येईल?"

"तयार झाला की खेळेल."

"आणि तयार कशाने होईल?"

मी नकाराचं बटण दाबलं. त्याच सुमाराला मराठी मंडळींच्या जेवणात एक फार्मासिस्ट बाई मला म्हणाल्या होत्या, "फोन येईपर्यंत आमच्याकडे काउंटरवर का येत नाहीस? हीप्स ऑफ काम आहे, ढीगभर. निदान पेशंट तरी दिसतील." मी हसून विषय बदलला होता. डॉक्टरने काउंटरवर उभं राहायचं नसतं, हे मला कुणी शिकवलं ते आठवत नाही, पण ते पक्कं बसलेलं होतं.

हिवाळ्यात एका हॉस्पिटलने मुलाखतीला बोलावलं. समोर तिघं होते, तिघंही चांगले वागले. औषधांचे डोस विचारले, ते मला पाठ होते. तापात झटका आलेलं मूल आलं तर काय कराल, तेही सांगितलं. मग मधल्या बाई म्हणाल्या, "आजारी मुलाला तुम्ही स्वतःच्या हाताने शेवटचं कधी तपासलंत?" मी सांगितलं. पुण्यातला महिना आणि वर्ष. त्यांनी मान हलवली. कुणी काही वावगं बोललं नाही. नंतर फोनवर सांगितलं, की नुकता कामाचा अनुभव असलेला दुसरा उमेदवार मिळाला आहे.

मी नवऱ्याला म्हटलं, "नाही झालं."

त्याने चहा केला. मी रडेन असं वाटून टिश्यूचा डबा माझ्या हाताशी आणून ठेवला. कपाचा ओला गोल टेबलावर उमटला होता, तो मी त्यातल्या एका टिश्यूने पुसला. काम न करता अनुभव कुठून आणायचा, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. डोकं नुसतं ठप्प होतं.

दुसऱ्या दिवशी गेम उघडला, तर त्या खालच्या क्लबने डावखुऱ्याला पुन्हा मागितलं होतं. मला शहाणपण सुचलं वगैरे काही नाही. नाही म्हणायलासुद्धा त्या दिवशी अंगात काही नव्हतं. हो म्हटलं आणि तो गेला.

तिथे तो फार वाईट खेळला. पहिल्या मॅचमध्ये अर्ध्यातच बाहेर काढला. पुढच्या मॅचमध्ये त्याच्या चुकीमुळे गोल झाला. प्रत्येक मॅचनंतर खेळाडूला दहापैकी गुण मिळतात. त्याचे चार, पाच, पुन्हा चार. मी माझ्या क्लबची मॅच उरकून आधी त्याचे गुण बघायचे. तिथल्या मॅनेजरने त्याला काढलं नाही. कदाचित त्यांच्याकडे दुसरा कुणी नव्हताच. थंडी सरत आली तसे सहा दिसायला लागले, मग एकदा सात. आणि माझ्याकडे एवढ्या कडक सरावात जे आकडे हलले नव्हते, ते तिथे त्या फुटक्या क्लबात हलायला लागले. मी ते बघितलं आणि भात लावायला उठले.

ऑक्टोबरात फोन आला. समुद्रकाठचं एक छोटं गाव, गाडीने काही तासांवर. तिथल्या हॉस्पिटलात मुलांच्या वॉर्डातला ज्युनियर डॉक्टर मधूनच सोडून गेला होता. एक वर्ष, सगळ्यात खालची जागा. पुण्यात त्या जागेवरच्या पोरांना मी शिकवायचे. सोमवारपर्यंत कळवा, म्हणाले.

आई फोनवर म्हणाली, "नवऱ्याला एकटं टाकून परगावी जायचं, आणि तेही ज्युनियर म्हणून? त्यापेक्षा थांब. चांगलं येईल काहीतरी." तिचं चुकत नव्हतं. ती मला जे ऐकवत होती तेच मी गेली दोनेक वर्षं स्वतःला ऐकवत होते.

रात्रीची जेवणं झाल्यावर मी नवऱ्याला विचारलं, "जाऊ का?"

"जा."

"आणि तू?"

"मला कुकर लावता येतो."

"शिट्ट्या मोजशील?"

"मोजेन."

मग मी खरं ते बोलले. "मला भीती वाटत नाहीये. आनंदही होत नाहीये. काहीच वाटत नाहीये रे मला, कधीपासून. अशा माणसाने आजारी पोरांना हात लावावा का?"

त्याने ताटं उचलून ठेवली. मग म्हणाला, "ते इथे बसून कसं कळणार?"

मोठा कुकर त्याला ठेवला, धाकटा मी घेतला. निघताना त्याने टायरची हवा दोनदा तपासली. गाडी मीच चालवत गेले. उजवीकडे समुद्र दिसायला लागला तेव्हा छान दिसतोय एवढं मनाशी म्हटलं.

वॉर्डातले सिनियर डॉक्टर माझ्याहून लहान होते. अर्धी चड्डी घालून राउंड घ्यायचे आणि मी त्यांना नावाने हाक मारावी असा त्यांचा आग्रह होता. ते मला काही जमेना, म्हणून मी हाकच मारत नसे. पहिले काही दिवस कागद भरण्यात आणि कपाटं कुठे आहेत ते शोधण्यात गेले. मग एका सकाळी जुलाबांनी सुकलेलं एक बाळ आलं. ओठ कोरडे, डोळे खोल गेलेले. सलाईन लावायचं होतं. आई पोरगेलीशी, पायात जँडल्स म्हणजे रबरी चपला, अंगावर रात्रीचेच कपडे. सिनियर म्हणाले, "तू लाव."

पुण्यात दिवे गेलेले असताना टॉर्चच्या उजेडात मी शिरा शोधल्या आहेत. कुणाला सापडली नाही की सिस्टर मला बोलावून घ्यायच्या. मी बाळाचा हात धरला, शीर दिसली, सुई घातली. शीर फुटली आणि कातडीखाली निळं झालं. बाळ किंचाळलं. मी पाऊल धरलं. पुन्हा घातली. आत काही नव्हतं. सुई थोडी मागे घेऊन वळवली, तरी नाही. आई माझ्याकडे बघत नव्हती, बाळाच्या डोक्यावरून हात फिरवत होती आणि तिच्या हनुवटीला कंप सुटला होता.

"नो वरीज," सिनियर म्हणाले. "दोनदा झालं की दुसऱ्याने करायचं, हा इथला नियम. आता मी." त्यांना पहिल्याच खेपेला मिळाली. मी पाऊल धरून उभी होते. माझे कान तापले होते. मला लाज वाटली. त्या निळ्या डागाचं वाईट वाटलं, त्या पोरगेल्या आईचं वाईट वाटलं, आणि आपल्याला हे आता कधीच येणार नाही अशी भीती वाटली. सगळं एकदम. सलाईन सुरू झाल्यावर मी चादरींच्या खोलीत जाऊन दार लावलं आणि तोंडात टॉवेल कोंबून रडले. पुण्याहून निघताना विमानतळावर रडले होते, त्यानंतर तेव्हाच.

तोंड धुऊन बाहेर आले. सिनियर टेबलाशी लिहीत बसले होते. त्यांनी वर बघितलं नाही.

"ठीक आहेस?"

"हो," मी म्हटलं. "पण माझ्या हाताची सवय गेलीय."

"म्हणूनच," ते म्हणाले. "पुढचं बाळ तुझं."

पुढचं बाळ चार वाजता आलं.