साहेब खोटी थाय छे

तीस वर्षं मी सिल्वासाच्या कारखान्यांत माल तपासला. म्हणजे संशय घेण्याचाच पगार खाल्ला. त्यामुळे आमची पंधरा वर्षांची गाडी तापली की बंद पडायला लागली आणि नरोली रस्त्यावरचा मेकॅनिक फोनवर म्हणाला, "साहेब, ईसीएमवर डाउट आहे," तेव्हा मला पहिला डाउट त्याचाच आला. ईसीएम म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, डब्याएवढी पेटी. ती जळाली म्हणून सांगतात आणि चांगली काढून घेतात, असं मी ऐकून होतो. म्हणून गाडी नेण्याआधी पेटीवर बायकोच्या नेलपॉलिशचा लाल टिपका देऊन ठेवला.

"शोभतं का हो या वयात?" बायको म्हणाली.

तिला त्याच दिवशी धुळ्याला निघायचं होतं. सहा महिने तिचे वडील कुणालाच ओळखत नव्हते. आदल्या संध्याकाळी मात्र फोनवर त्यांनी तिला एकदम लहानपणीच्या नावाने हाक मारली. "कधी येतेस गं?" डॉक्टर म्हणाले, असं मध्येच होतं, किती टिकेल सांगता येत नाही. गुडघ्यांमुळे तिला एसटीची पायरी चढवत नाही. भाड्याची गाडी करू म्हणाली, तर मी म्हणालो, "अनोळखी ड्रायव्हरच्या हाती जीव द्यायचा? आपली गाडी दुपारपर्यंत होतेय."

गॅरेजात मी स्टूल ओढून मेकॅनिकच्या हातांकडे बघत बसलो. त्याने स्कॅनर लावला, तारा चाचपल्या, मग फोन घेऊन बाजूला गेला. बाजूला कशाला जायचं? मी कान टवकारले. मला गुजराती कामापुरतंच कळतं.

"साहेब क्यारना खोटी थाय छे," तो हळूच म्हणाला.

साहेब. खोटी. थोड्या वेळाने पुन्हा तेच. झालं! माझं टाळकंच सरकलं. काहीतरी खोटी भानगड रचून हा माझ्या गळ्यात मारणार.

"बॉनेट लावा. गाडी घेऊन चाललो मी."

"अहो साहेब, अर्थिंगची वायर बघायची राहिलीय. दहा मिनिटं थांबा."

"दहा मिनिटांत काय काय होतं ते माहितेय मला."

त्याचा चेहरा पडला. मला वाटलं, बरा पकडला.

तोवर इंजिन थंड झालं होतं, गाडी सुरू झाली. ती मी दुसऱ्या गॅरेजात टाकली. त्यांनी पेटी काढून तपासायला वापीला पाठवली. बायको बॅग भरून बसलेली. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा भाड्याच्या गाडीचं काढलं. "उद्या मिळतेच आहे," मी म्हणालो. तिसऱ्या दिवशी पेटी परत आली, ठणठणीत, लाल टिपक्यासकट. बिघाड अर्थिंगच्या वायरीत होता. गंजली होती. ती बदलायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

धुळ्याला पोचलो तेव्हा सासरे खाटेवर बसले होते. बायको पाया पडली. त्यांनी अवघडून हात जोडले.

"बसा बाई. एवढ्या लांबून आलात, माझ्यापायी तुमची खोटी झाली."

मी दचकलो. "खोटी? काय खोटं झालं?"

"खोटी म्हणजे खोळंबा," बायको माझ्याकडे न बघता म्हणाली. "आमच्याकडे म्हणतात, गुजरातीतही म्हणतात. तीस वर्षं तिथे राहून ठाऊक नाही तुम्हाला?"

साहेब केव्हाचे खोळंबलेत. एवढंच म्हणत होता तो माणूस.

मला मान वर करवेना. ती वडिलांच्या पायाशी बसून त्यांना समजावत होती, "नाही हो बाबा, माझी कसली खोटी?"