पुसलेल्या तिथी

बाबांची भिक्षुकी राजापेठेपासून भातकुली-तिवशापर्यंत पसरलेली. कोणाच्या घरी कोणत्या तिथीला कोणाचं श्राद्ध, हे सगळं त्यांच्या डोक्यात. कागदावर उतरवलं की डोकं आळशी होतं, असं ते म्हणायचे. मग त्यांना शब्द आठवेनासे झाले. अकोल्याच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की हे थांबणार नाही, वाढतच जाईल.

मी घरी बसून पुण्याच्या कंपनीसाठी वेबसाइटी बांधतो. म्हटलं, ही विद्या बापाच्या कामी येत नसेल तर घाला चुलीत. लॅपटॉपवर लहानसं ॲप केलं: घर, गाव, गेलेला माणूस, तिथी. ते कंटेनरमध्ये चालवलं. कंटेनर म्हणजे कॉम्प्युटरच्या आत बांधलेली तात्पुरती खोली. ॲपला लागेल ते सामान तिच्यात भरायचं, काम झालं की खोली पाडायची, हवी तेव्हा तशीच पुन्हा उभारायची. फक्त माहिती खोलीच्या बाहेर ठेवायची असते, नाहीतर तीही जाते. कंपनीत नव्याने येणाऱ्यांना हे मीच शिकवतो. घरच्या कामात मात्र म्हटलं, माहिती बाहेर ठेवायचं करू सावकाश.

दोन महिने रोज दुपारी जेवणानंतर बाबा सांगायचे आणि मी टाइप करायचो. कधी एका नावासाठी ते अर्धा तास डोळे मिटून बसत. सापडलं की इतके खूष व्हायचे की मलाच भरून यायचं.

मग कंपनीचा नवा प्रकल्प आला. त्याचं सगळं बिऱ्हाड माझ्या लॅपटॉपवर उभं करायचं होतं आणि जागा पुरेना. सकाळपासून मी वैतागलेलो. शेवटी बंद असलेले सगळे कंटेनर एका आज्ञेनं झाडून टाकले. खात्री आहे का, असं कॉम्प्युटरनं विचारलं. ते नेहमीच विचारतं, मी वाचलंही नाही. प्रकल्प पहिल्या फटक्यात सुरू झाला. खुशीत मी चहा मांडला.

दुपारी बाबा खुर्चीत येऊन बसले तेव्हा कळलं, की सकाळी बंद असलेला त्यांच्या ॲपचा कंटेनरही आतल्या तिथींसकट झाडला गेला होता. दुसरी प्रत कुठेच नव्हती. घरोघरी फोन करावा, तर त्या लोकांना तिथी बाबाच सांगत आलेले. मला स्वतःची किळस आली. बाबांना सांगायची हिंमत झाली नाही. रिकामं ॲप पाच मिनिटांत पुन्हा उभं केलं आणि म्हणालो, एकदा पहिल्यापासून तपासून घेऊ. त्यांनी तीन घरं नीट सांगितली. त्यानंतर प्रत्येक घरी अष्टमीच.

पितृपक्षाच्या तोंडावर तिवशाहून एका बाईंचा फोन आला. नवऱ्याचं श्राद्ध कधी येतं, विचारत होत्या. बाबांनी बराच वेळ फोन कानाला धरून ठेवला आणि मग माझ्या हातात दिला. "याले विचारा," ते मोठ्यानं म्हणाले. "याले सगळं देऊन ठेवलं मी."

ज्याची तिथी माहीत नाही, त्याचं श्राद्ध सर्वपित्री अमावास्येला करतात. भिक्षुकाच्या घरात वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. मी बाईंना एवढंच सांगायला हवं होतं. पण तसं म्हटलं असतं तर समोर बसलेल्या बाबांना सगळं कळलं असतं.

मी म्हणालो, "दशमी."

बाईंनी आभार मानून फोन ठेवला. बाबांनी समाधानानं मान डोलावली आणि म्हणाले, "बरोबर."