पाणी न घेणारी गिटार

गिटार तपकिरी असावी, साधी असावी आणि तिच्यावर काहीही काढलेलं नसावं, असं माझं ठाम मत होतं. इंद्रलोक वसाहतीतल्या माझ्या घरी मी गिटारचे क्लास घेतो. हे मत मी पहिल्या कॉर्डच्याही आधी शिकवायचो. टोकदार गिटार, कवट्या चिकटवलेली गिटार, फुलपाखराच्या आकाराची गिटार, असलं काही दिसलं की माझं डोकंच फिरायचं. एक रिटायर्ड गुजराती काका मोठ्या हौसेने लाल-पिवळ्या ज्वाळा रंगवलेली गिटार घेऊन आले, तर मी म्हटलं, "अंकल, ये गिटार है कि फटाके का बॉक्स?" बिचारे पुढच्या वेळेपासून तिला उशीचा अभ्रा घालून आणायला लागले. वाजवतानासुद्धा काढायचे नाहीत.

त्या पावसाळ्यात चौक गावच्या कोळीवाड्यातून मामीचा फोन आला. मामाचे गुडघे गेले होते आणि त्याने होडी विकून टाकली होती. तेव्हापासून तो किनाऱ्यावर पाऊल ठेवत नव्हता. घरापासून समुद्र शंभर पावलांवर, आणि हा मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसलेला. कुणाशी बोलायचंही नाव नाही. "तुजी ती गिटार आन," मामी म्हणाली, "काय तरी वाजव. मानूस माजा हातचा चाललाय."

मी निघालो. वाटेत रिक्षावाल्याने स्पीडब्रेकरवरून रिक्षा अशी काही उडवली की गिटार सीटवरून थेट रस्त्यावर. कूस चांगली वीतभर उकलली. मी रडकुंडीला येऊन मामाच्या घरात शिरलो, तेव्हा कित्येक दिवस भिंत बघणाऱ्या मामाने मान वळवली.

"फुटली?" तो म्हणाला. त्याने भेगेत बोट घालून पाहिलं. "ठेव हितं. आठ दिस लागतील."

मामाने जन्मभर होड्या दुरुस्त केल्या होत्या, गिटार एकही नाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात मामीने डोळ्यांनी दटावलं. मी गिटार ठेवून आलो.

आठ दिवसांनी गेलो तर गिटार अंगणात दोन ओंडक्यांवर पालथी. भेगेवर फायबर मारलेलं. होडीचा उरलेला सगळा रंग तिच्यावर चढलेला: खालचा अर्धा भाग केशरी, वरचा निळा आणि मधून पिवळा पट्टा. दोन्ही कुशींना पांढरी फुलं. खांद्यावर विकलेल्या होडीचं नाव, आणि नावाखाली तिचा नंबर.

"मामा, नंबर कशाला?"

"नंबर न्हाय तं पकरतील."

त्याने ती उलटवली. पुढच्या गोल भोकावर फळीचं झाकण बसवलेलं, उचलायला दोरीची कडी. "येवरं मोठं भोक ठेवून कोन विकतं रं? पानी भरंल ना." तारा काढून त्याने मासे धरायचा नायलॉनचा तंगूस ओढला होता, सहा वेगवेगळ्या जाडीचा, नीट मोजून. तारा खाऱ्या हवेत गंजतात, म्हणाला.

हे सगळं खरवडायला किती दिवस लागतील याचा मी मनातल्या मनात हिशोब करत होतो. काय बोलावं ते ठरवत होतो, तेवढ्यात मामाने गिटार खांद्यावर घेतली. "चल, तोल बगू," म्हणाला आणि लंगडत फाटकाबाहेर पडला. मी मामीकडे पाहिलं. ती पदराने तोंड दाबून उंबऱ्यातच उभी होती.

भरती होती. मामा गुडघाभर पाण्यात उतरला. गिटारच्या खुंट्यांना दोर बांधून त्याने ती अलगद पाण्यावर सोडली. ती तरंगली! पिवळा पट्टा बरोब्बर पाण्याच्या रेघेवर. एक लाट आली, गिटार डोलली आणि पुन्हा सरळ झाली. शेजारी जाळं विणत बसलेल्या एकाने मान वर केली. तो हसला नाही. "नवी काय रं?" त्याने विचारलं.

"न्हाय," मामा म्हणाला, "जुनीच हाय."

त्या क्षणी मला ती गिटार भयंकर आवडली. केशरी, निळी, फुलांची, नंबराची, झाकणाची. तिच्याइतकी देखणी गिटार मी आजवर पाहिलेली नाही, आणि हे मी पूर्ण शुद्धीवर लिहितोय.

क्लासमध्ये ती घेऊन बसलो तेव्हा गुजराती काका बराच वेळ बघत राहिले. "सर, ये क्या है?"

"गिटार है, अंकल."

"अच्छा," ते म्हणाले आणि त्यांनी आपल्या गिटारवरचा अभ्रा काढून घडी करून खिशात घातला. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते असं. मी गुपचूप झाकण उघडलं आणि शिकवायला सुरुवात केली.

आवाजाचं विचारू नका. वजन दुप्पट झालंय, तंगूस सुरात राहत नाही आणि कितीही जोर लावला तरी कुणी गादी झोडपतंय असं वाटतं. मामा आता रोज सकाळी किनाऱ्यावर जातो. दर रविवारी त्याचा फोन येतो. परवा म्हणाला, नारळी पुनवेच्या आधी घेऊन ये, दर वर्षाला रंगाचा हात मारायला लागतो. आणखी एक हात बसला की उरलासुरला आवाजही जाणार. आणतो, म्हटलं.

गिटार वाजते कशी, हे त्याने एकदाही विचारलेलं नाही. फोन ठेवताना तो दर वेळी एकच विचारतो, "पानी घेते काय रं?"

"नाही मामा," मी सांगतो, "एक थेंब नाही."